सुभेदारांचे बारा प्रश्न

"झोप होते का, बाई?"

सुभेदारांनी मला म्हटलेलं हे पहिलं वाक्य. भंडाऱ्यात माजी सैनिकांची कामं पाहणाऱ्या एका सरकारी कार्यालयात मी नुकतीच कनिष्ठ लिपिक म्हणून लागले होते, नोकरीचा तिसरा दिवस होता. समोर एक उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस येऊन उभा राहिला. नमस्कार नाही, नाव नाही, कागद नाही. मला राग आला. मी म्हटलं, "तुमचं काम काय आहे ते सांगा."

"तेच तं विचारून राहिलो," असं म्हणून त्यांनी माझ्या टेबलासमोरची खुर्ची उचलली, भिंतीला टेकवली आणि दाराकडे तोंड करून बसले.

आमचे प्यून निवृत्तीला आले होते, त्यांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंनी चहा ठेवता ठेवता सांगितलं, "मॅडम, हे सुभेदार. ते साऱ्यायलेच विचारतात."

ते खरंच सगळ्यांना विचारत. आमच्या साहेबांना, एसटीच्या कंडक्टरला, कारध्याच्या पुलाजवळ शिंगाडे विकणाऱ्या बाईला. बहुतेक जण हसून सोडून देत. पण एखादा थबकायचा, "नाही होत," म्हणायचा, आणि मग सुभेदार त्या माणसाला सोडत नसत. त्याचं नाव आणि गाव खिशातल्या छोट्या वहीत जायचं. पुढच्या आठवड्यात त्यांची जुनी लुना त्या गावाला पोचलेली असायची.

अड्याळच्या पुढे एका खेड्यात त्यांचं घर होतं. थोडी धानाची शेती, बायको, आणि दोन मुली लग्न होऊन गेलेल्या. फौजेत किती वर्षं काढली ते सांगत, कुठे काढली ते मात्र "पहाडात" एवढंच. लग्नाची वरात दिसली की लुना वळवून दुसऱ्या रस्त्याला लावत. जेवणाच्या पंगतीत कधी बसत नसत. ताट हातात घेऊन भिंतीशी उभ्यानं जेवत. आमच्या कार्यालयात आणलेल्या प्रत्येक अर्जाला ते "चढाई" म्हणत. कुणाच्या विधवेचं पेन्शन अडलं असेल तर, "आज एकच चढाई आहे, पण उभी आहे," असं म्हणून कागद पुढे सरकवत. काम झालं की पुढच्या वेळी त्यांच्या जुन्या फौजी डब्यातून माझ्यासाठी उकडलेले शिंगाडे यायचे. काम झालं नाही तरी यायचे, फक्त मीठ न घालता.

एकदा मी त्यांच्या घरी गेले होते. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, वरण उघड्या पातेल्यात शिजायला ठेवलं होतं. मी सहज म्हटलं, "काकू, कुकर नाही का?"

"आहे नं. मुलीनं देला. खोक्यातच आहे." त्या हसल्या. "त्याची शिट्टी झाली का हे भिंतीले जाऊन चिपकतात. म्हणून मी म्हणलं, राहू दे. वरणाले घंटाभर जास्त लागते, लागू दे."

दुपारी सुभेदार खाटेवर डोळा लावून पडले होते. चहा झाला तेव्हा काकू त्यांना उठवायला गेल्या, पण खाटेजवळ गेल्या नाहीत. उंबऱ्यात उभं राहून दोनदा म्हणाल्या, "मीच आहो. मीच आहो." ते खाडकन उठून बसले, इकडे तिकडे पाहिलं, मग त्यांचे खांदे सैल झाले. काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हात लावून नाही उठवता येत." भात झाला आहे असं सांगावं, तशा सुरात म्हणाल्या.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आमच्याकडे वरून एक पत्र आलं. माजी सैनिकांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्य शासन निधी देणार होतं. महिन्यातून दोनदा मनोविकारतज्ज्ञ, कायमचा एक समुपदेशक आणि खेड्यापाड्यांतून लोकांना आणायला एक गाडी. अट एकच होती. जिल्ह्यानं गरज दाखवून द्यायची, आणि तीही पंधरा दिवसांत.

साहेबांनी मला फॉर्म तयार करायला सांगितला. मी टाईप केला: नाव, हुद्दा, पत्ता, "मानसिक आजार असल्यास नमूद करावे." जिल्हाभर वाटला. आठवड्यानं फॉर्म परत आले आणि त्या रकान्यात सगळ्यांनी एकच शब्द लिहिला होता: नाही. काहींनी रागानं दोनदा अधोरेखित केला होता.

"मग आपण निरंक पाठवू," साहेब म्हणाले. माणूस चांगला होता, पण थकलेला. "लोकच नाही म्हणतात, तर मी काय करू?"

नेमके त्याच वेळी सुभेदार दारात उभे होते. त्यांनी माझ्या हातातला फॉर्म घेतला, डोळ्यांपासून लांब धरून वाचला आणि विचारलं, "हा कोणं लिहिला?"

"मी."

"तुमच्या घरी येऊन कोणी विचारलं का बाई, तुम्ही वेडे आहात का, लिहून द्या आन् खाली सही करा, तं तुम्ही काय लिहाल?"

साहेब म्हणाले, "सुभेदार, फॉर्म असाच असतो."

"काहून असाच असते?"

त्या एका "काहून"ने मला कामाला लावलं. मी ते पत्र पुन्हा वाचलं, मग आणखी एकदा, जोडपत्रासकट. तिसऱ्या पानावर खाली बारीक अक्षरात होतं: गरजेचा तपशील जोडावा, नमुना विहित केलेला नाही. सरकारी नोकरीत असं वाक्य हाती लागणं म्हणजे काय, ते नोकरी केलेल्यालाच कळेल. मी पत्र साहेबांसमोर धरलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. मग म्हणाले, "करा. पण माझ्या सहीआधी मला दाखवा."

ती दुपार मी विसरणार नाही. सुभेदार खोलीत येरझाऱ्या घालत सांगत होते आणि मी टाईप करत होते. भाऊ दारात उभे राहून मध्येच एखादा शब्द सुचवत होते. मी प्रमाण भाषेत वळवायला गेले की सुभेदार थांबवायचे. "तसं नको. जसं बोललो तसंच लिहा. नाहीतं त्याईले वाटन, इस्पितळातून आलं."

कुकरची शिट्टी झाली तं दचकता का?

दाराकडे पाठ करून जेवाले बसता का?

दिवाळीत गाव सोडून जावं वाटते का?

घरचे तुम्हाले उठवाले भितात का?

मागून कोणी हात लावला तं काय होते?

तुम्ही शेवटचं पोट दुखेपर्यंत हसले, ते कधी?

असे अकरा झाले. बाराव्यापाशी ते थांबले, मिशी चावत उभे राहिले. मग म्हणाले, "लिहा. हे सारं आतापर्यंत कोणाले सांगितलं का?"

साहेबांनी बारा प्रश्न वाचले. एकही शब्द बदलला नाही. सही करताना फक्त विचारलं, "चौथा प्रश्न तुम्हाला कसा सुचला, सुभेदार?"

"सुचला, साहेब," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

उरलेले आठ दिवस आम्ही धावलो. मला साहेबांनी कार्यालयाच्या कामावर म्हणूनच पाठवलं. पुढे सुभेदारांची लुना, मागे माझी स्कुटी. धान कापणीला आलं होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पिवळ्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि प्रत्येक गावात एखादा तरी असा फौजी होता ज्यानं आधी "नाही" लिहून पाठवलं होतं. सुभेदार आजाराचं नाव काढत नसत. सपरीत, म्हणजे ओसरीवर, बसायचे, पाणी प्यायचे, आणि पहिला प्रश्न वाचायचे. समोरचा हसायचा. "हे कोणं लिहिलं? माह्या बायकोनं सांगितलं का तुमाले?" दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला हसू कमी व्हायचं. सहाव्या प्रश्नाला बहुतेकांची बायको आतून बाहेर येऊन उभी राहायची. एका गावात तर एक म्हातारे शिपाई शेवटी म्हणाले, "मले वाटे का मी एकटाच हाव."

माझ्या पिशवीतला गठ्ठा वाढत होता. मला रोज सकाळी कधी एकदा निघतो असं व्हायचं.

लाखांदूरकडच्या गावाला आम्ही एसटीनं गेलो. जागा रिकाम्या असूनही सुभेदार पूर्ण रस्ता दाराजवळ उभे होते. तिथे त्यांच्या वहीतलं एक जुनं नाव होतं, एक हवालदार. घरी त्याची बायको आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी होती. हवालदार नव्हता. तीन वर्षं तो घरात राहतच नव्हता. शेतात धानाच्या बांधीजवळ एक झोपडी होती, तिथेच तो राहायचा. बायको रोज दोन वेळा डबा नेऊन शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवायची आणि मागे फिरायची.

"कायले गेले ते, सांगत नाही," ती म्हणाली. "भांडण नाही, दारू नाही. एक दिवस उठले आन् गेले."

आम्ही शेतावर गेलो. आम्हाला पाहून हवालदार झोपडीतून बाहेर आला. चाळिशीचा, भरलेल्या अंगाचा माणूस, पण डोळे एका जागी ठरत नव्हते. आमच्या मागे, झाडीकडे, पुन्हा आमच्याकडे. मी फॉर्म काढला तसा तो दोन पावलं मागे सरला.

सुभेदार त्याच्याजवळ गेले नाहीत. काही बोललेही नाहीत. ते धुऱ्यावर चालत त्याच्या बाजूनं पुढे गेले आणि त्याच्याकडे पाठ करून, मांडी घालून जमिनीवर बसले.

"बस," ते म्हणाले. "तुह्या मागचं मी पाहतो. माह्या मागचं तू पाहाय."

मला आधी कळलं नाही. हवालदाराला कळलं. तो हळूहळू खाली बसला, त्याची पाठ सुभेदारांच्या पाठीला टेकली. एकाच्या समोर तळ्याची पाळ, दुसऱ्याच्या समोर गावाचा रस्ता. असे ते दोघं बसले आणि पाच मिनिटांत त्या माणसाचे डोळे स्थिर झाले. मी स्वतः पाहिलं.

सुभेदारांनी बारा प्रश्न पाठ केले होते. एकेक विचारत गेले. मी धुऱ्यावर उभी राहून लिहीत होते.

"शिट्टीले दचकते का?"

"हो."

"घरचे उठवाले भितात?"

"भितात."

"मागून कोणी हात लावला तं?"

सुभेदारांनी घाई केली नाही.

"पोट्टीनं लावला एकदा," तो म्हणाला. "खेळता खेळता मागून आली, डोळे झाकाले. मी तिले फेकून देलं. भिंतीवर आदळली. हात मोडला तिचा. बायकोले सांगितलं, पडली म्हणून. पोट्टीनं बी तसंच सांगितलं. मले वाचवलं तिनं. म्हणून मी घरात जात नाही, सुभेदारसाहेब. पुन्हा होईन."

सुभेदार तळ्याकडेच पाहत म्हणाले, "बारावा राहिला. हे कोणाले सांगितलं का?"

"नाही."

"आता सांगितलं," सुभेदार म्हणाले. "लिहा बाई. बाराव्याचं उत्तर बदललं म्हणून लिहा."

प्रस्ताव मुदतीत गेला. महिन्याभरानं मुंबईहून एक अधिकारी मॅडम आढावा घ्यायला आल्या. जिल्ह्याच्या सभागृहात बैठक होती. माजी सैनिकही बोलावले होते. मॅडमनी गठ्ठा चाळला, त्यांना तो आवडला असावा, पण त्या म्हणाल्या, "मला हे वर पटवून द्यायचं आहे. तिथे विचारतील, हे प्रश्न कोणत्या डॉक्टरांनी ठरवले? कुकरच्या शिट्टीवर निधी कसा द्यायचा?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठतच होते, तेवढ्यात भिंतीजवळ उभे असलेले सुभेदार पुढे आले.

"मॅडम, वरचा पयला अर्ज काढा."

तो पहिला अर्ज मी लावला नव्हता. मी गठ्ठा बांधला तेव्हा वर हवालदाराचा होता. आता त्याच्यावर आणखी एक आला होता, बैठकीआधी कुणीतरी सरकवलेला. बाराही प्रश्न भरलेले, अक्षर बायकी, गोल. मी लांबूनही नाव वाचलं. सुभेदारांचं होतं. इतकी गावं फिरलो, पण त्यांचा स्वतःचा अर्ज कुठे आहे हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

मॅडम वाचत गेल्या. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि हळू विचारलं, "हे अक्षर तुमचं आहे?"

"नाही. माह्या बायकोचं. माह्या हातानं लिहून नाही झालं." ते खाकरले. "मी सांगितलं आन् तिनं लिहिलं. आमच्या लग्नाले चाळीस वर्षं झाली, मॅडम. त्यातलं अर्धं तिले त्याच दिवशी समजलं. बाकीच्याईले समजाले चाळीस वर्षं लागू नाही, म्हणून डॉक्टर पाह्यजे. प्रश्न डॉक्टरनं ठरवले नाहीत, हे खरं आहे. डॉक्टर नोहताच नं आमच्याकडे."

मागच्या रांगेतून कुणीतरी उठलं आणि म्हणालं, "माझाही अर्ज आहे त्यात." मग दुसरा उठला. कुणी भाषण केलं नाही, टाळ्याही नाहीत. माणसं फक्त उभी राहत गेली. मला वाटलं, आपल्या नोकरीत आपण असं काही पाहू, हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

उन्हाळा लागता लागता मंजुरीचं पत्र आलं. मी ते आवक नोंदवहीत चढवण्याआधीच घेऊन बाहेर पळाले. भाऊ मागून ओरडत होते, "मॅडम, नंबर टाका आधी."

आमच्या कार्यालयातच दोन खोल्या मिळाल्या: आतली डॉक्टरांसाठी, बाहेरची लोकांना बसायला आणि नोंदीसाठी माझ्या टेबलाला. सुभेदार चार दिवस तिथे ठाण मांडून बसले. खुर्च्या भिंतीला पाठ लावून ठेवल्या. घंटी काढायला लावली. एक ट्यूबलाईट गुणगुण करत होती, ती बदलून घेतली. पाटीवर "मानसिक" शब्द येणार होता, तो त्यांनी येऊ दिला नाही. "फौजी खोली लिहा. आत गेल्यावर समजते काय आहे ते."

पहिल्या दिवशी नागपूरहून डॉक्टर आल्या. तिशीतल्या, शांत बाई. गाडी पहाटेच लाखांदूरकडे गेली होती. अकराच्या सुमारास ती परत आली, पाच जण उतरले. हवालदार त्यांत नव्हता.

ड्रायव्हर म्हणाला, "घरी गेलो, नाही. झोपडीत गेलो, तिथंही नाही. घराले कुलूप आहे."

सुभेदारांचा चेहरा मी इतका पांढरा कधी पाहिला नव्हता. ते फाटकापाशी जाऊन उभे राहिले, उन्हात, टोपी न घालता. मी पाणी घेऊन गेले तर घेतलं नाही. "मी जायला पाह्यजे होतं," एवढंच म्हणाले. अर्धा तास गेला. मग बसस्टँडकडून तीन माणसं चालत येताना दिसली. पुढे बायको आणि मुलगी, वीसएक पावलं मागे हवालदार.

तो सुभेदारांसमोर आला आणि सावधानमध्ये उभा राहिला. "गाडीत मागं कोण बसन, माहीत नोहतं साहेब. म्हणून सकाळच्या एसटीनं आलो. मागच्या सीटवर बसून. मागं कोणीच नोहतं."

सुभेदारांनी त्याला आत नेलं नाही. फक्त दार दाखवलं. तो स्वतः गेला. तासाभरानं बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, आणि त्यानं मला विचारलं, "पुढची तारीख काय म्हणता?"

तो प्रत्येक तारखेला आला. पावसाळ्यात तो झोपडीतून घरच्या सपरीत झोपायला आला, थंडीत आतल्या खोलीत. एकदम बरा झाला असं नाही. मध्ये एकदा पुन्हा आठ दिवस शेतावर गेला होता. पण पुढच्या वर्षी निधी चालू ठेवायचा की नाही अशी बैठक झाली, तेव्हा बोलायला तोच उभा राहिला. निधी चालू राहिला. आता माझी बदली गोंदियाला झाली आहे, तरी फौजी खोलीत कोण येतं, कोण येत नाही, हे भाऊंच्या जागी आलेला नवा माणूस मला फोनवर सांगतो.

पण त्या पहिल्या दिवशीचं अजून सांगायचं राहिलं. दुपारी सगळे गेले. हवालदाराची मुलगी जाताना बापाच्या पुढे नाही, शेजारून चालत होती. सुभेदार रिकाम्या खोलीत खुर्च्या सरळ करत होते. सगळ्या सरळ होत्या. तरी ते करत होते.

डॉक्टर दारात आल्या. त्यांच्या हातात गठ्ठ्यातला वरचा अर्ज होता. मला म्हणाल्या, "एक जण राहिले आहेत ना?"

सुभेदारांनी ऐकलं. हातातली खुर्ची त्यांनी भिंतीला टेकवली. मग माझ्याजवळ आले, खिशातून लुनाची किल्ली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"कोणी आलं तं सांगा, सुभेदार कामात हायेत," ते म्हणाले आणि आत गेले. दार त्यांनी स्वतःच लावून घेतलं.

थोड्या वेळानं कारध्याचे एक म्हातारे माजी सैनिक आले. एका हातात फॉर्म घट्ट धरलेला, घामानं ओला झालेला. त्यांनी विचारलं, "सुभेदार आहेत का?"

"कामात आहेत," मी म्हटलं. "बसा. आज वेळ लागेल."